खोकला घशात, मग मांड्या का ठणकतात?

वाचकाचं पत्र:

नमस्कार डॉक्टर, मी नाशिकची, वय ३६, बँकेत काम करते. गेल्या महिन्यात आमच्याकडे फ्लू आला, आधी मुलाला, तो ८ वर्षांचा आहे, आणि मग मला. टेस्टमध्ये इन्फ्लुएंझा बी निघाला. मला खोकला तसा थोडाच होता पण अंग असं मोडून आलं की कूस बदलताना रडू यायचं, मांड्या, कंबर, मान, अगदी डोळे फिरवले तरी दुखायचं आणि केसातून कंगवा फिरवता येईना. घरी आणि ऑफिसात सगळ्यांचं एकच, साधा फ्लू तर आहे, एवढं काय त्यात. चौथ्या दिवशी गोळी घेऊन कामावर गेले. मला खरंच कळत नाही, आजार घशाचा तर मांड्या का दुखतात? व्हायरस स्नायूत शिरतो का?

दुसरं मुलाबद्दल. त्याचा ताप उतरला, खेळायलाही लागला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तर चालेचना. पोटऱ्या दुखतात म्हणून रडायला लागला, टाच टेकवेना, चवड्यांवर चालत होता. पुण्यातल्या जीबीएसच्या, म्हणजे पायांतली ताकद जाते त्या गिलँ-बारे सिंड्रोमच्या, बातम्या डोक्यात होत्या, मी पार हादरले. डॉक्टरांनी तपासलं, रक्तात सीपीके ३,४०० आलं, तरी ते म्हणाले घाबरू नका, चार-पाच दिवसांत बरा होईल. झालाही बरा. पण एवढं सीपीके म्हणजे स्नायूंचं कायमचं नुकसान झालं का? सासूबाई तेल लावून रगडून चोळू म्हणत होत्या, मी करू दिलं नाही, बरोबर केलं ना? आणि दरवर्षी असं होणार असेल तर लस घ्यावी का? माझ्या मैत्रिणीला लस घेतल्यावरच अंगदुखी झाली होती म्हणून मन होत नाही.

एक वाचक, नाशिक

ताई,

सगळ्यात आधी हे सांगते, तुमचं दुखणं शंभर टक्के खरं होतं. खोकला थोडा आणि अंगदुखी मरणाची, फ्लू असाच असतो. साध्या सर्दीत नाक गळतं, शिंका येतात पण माणूस हिंडताफिरता राहतो, फ्लूमध्ये मात्र सकाळी डबा भरून देणारी बाई संध्याकाळी हुडहुडी भरून दोन गोधड्यांखाली असते. आपल्याकडे जानेवारी ते मार्च आणि परत पावसाळ्यात फ्लूचे पेशंट वाढतात, तेव्हा दवाखान्यात खुर्चीवर बसताना जो हाताने आधार घेत हळूहळू टेकतो त्याला मी खोकल्याच्या आधी अंगदुखीचं विचारते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. व्हायरस मांडीत शिरतो का? नेहमीच्या फ्लूमध्ये नाही. फ्लूचा व्हायरस नाक, घसा, श्वासनलिका आणि फुप्फुसं यांच्या आतल्या अस्तरात वाढतो आणि बहुतेक वेळा तिथेच राहतो, कारण नव्या पेशीत शिरण्यासाठी त्याच्या अंगावरचं एक प्रोटीन आधी कापलं जावं लागतं, आणि ते कापणारी एन्झाइम्स प्रामुख्याने श्वासमार्गातच मिळतात. मांडीत जाऊन त्याला काही करता येत नाही. तुमची मांडी दुखवली ती तुमच्याच शरीराने, व्हायरसशी लढताना.

होतं असं, की घशातल्या ज्या पेशीला व्हायरसची लागण होते ती मरण्याआधी इंटरफेरॉन नावाचं प्रोटीन बाहेर सोडते, त्याने शेजारच्या पेशी सावध होतात आणि व्हायरसला वाढायला अवघड जाईल अशी तयारी करतात. मग रोगप्रतिकारक पेशी तिथे गोळा होतात आणि त्या आणखी केमिकल्स सोडतात, इंटरल्युकिन १, इंटरल्युकिन ६, टीएनएफ अशी त्यांची नावं आहेत, आणि ही सगळी रक्तात उतरून अंगभर फिरतात. चोर शिरला एका वाड्यात पण हाकाटी झाली सगळ्या गावात, आणि ज्याच्या घरात चोर नाही तोही रात्रभर जागा, तसं हे आहे. तुमच्या मांड्या, कंबर, मान हे सगळे हाकाटी ऐकून जागे झालेले.

त्या केमिकल्समुळे जागोजागी प्रोस्टाग्लँडिन ई२ नावाचा पदार्थ तयार व्हायला लागतो आणि तुमच्या बऱ्याचशा त्रासाची गुरुकिल्ली इथे आहे. स्नायूंमध्ये वेदना ओळखणाऱ्या बारीक नसांची टोकं असतात, एरवी ती गप्प असतात, जोराचा मार लागला किंवा स्नायू खूप ताणला तरच मेंदूला कळवतात. प्रोस्टाग्लँडिनमुळे ती इतकी हळवी होतात की कूस बदलणं, जिना उतरणं असल्या साध्या हालचालींचाही संदेश मेंदूकडे वेदना म्हणून जातो. डोळे फिरवले की दुखायचं म्हणालात ना, डोळ्याचं बुबुळ हलवायला सहा छोटे स्नायू असतात, त्यांच्याही नसा तशाच हळव्या झालेल्या असतात. डोक्याची त्वचा पण तशीच. म्हणून कंगवा फिरवता येईना. यातलं काहीही तुमच्या मनाचं नव्हतं.

हाच प्रोस्टाग्लँडिन मेंदूत हायपोथॅलॅमस नावाच्या भागात तापाचं काम करतो. एरवी शरीर ३७ अंशांच्या आसपास ठेवायचं हे तिथे ठरलेलं असतं, फ्लूमध्ये तो आकडा ३९ वर जातो, आणि मग तुमचं अंग ३७ वर असलं तरी मेंदूला ते थंड वाटतं आणि तो उष्णता तयार करायला स्नायूंना कामाला लावतो. तीच हुडहुडी. मोठे स्नायू भराभर आखडतात आणि सैल होतात, नकळत तासभर व्यायाम झाल्यासारखं होतं, आणि आधीच हळव्या झालेल्या नसांवर हा भार पडतो. मांडी आणि पाठीचे स्नायू सगळ्यात मोठे, त्यांना झळही जास्त.

संध्याकाळी आणि रात्री जास्त का ठणकतं हे तुम्ही विचारलं नाहीत पण तुमच्या लक्षात आलं असेलच. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन असतं, ते सूज आणि ही सगळी केमिकल्स थोडी आवरून धरतं, ते पहाटे-सकाळी भरपूर असतं आणि रात्री सगळ्यात कमी. शरीराचं तापमानही संध्याकाळी मुळातच थोडं जास्त असतं. म्हणून सकाळी बरं वाटतं, माणूस उठून कामाला लागतो, आणि दिवेलागणीला परत अंग भरून येतं, आणि घरचे म्हणतात सकाळी तर चांगली होतीस. तर ताई, सकाळी चांगली असणं आणि रात्री आडवी होणं हा या आजाराचाच भाग आहे.

हे सगळं शरीराच्या लढण्यामुळे होतं, व्हायरस स्नायूत न जाताही, याचा पुरावा काय असं कोणी विचारलं तर मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. इंटरफेरॉन १९५७ मध्ये लंडनला ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन या दोघांनी शोधलं, प्रयोग चालले होते फ्लूच्याच व्हायरसवर, उष्णता देऊन निकामी केलेला व्हायरस कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर टाकून. पुढे तेच इंटरफेरॉन औषध म्हणून तयार झालं आणि हेपटायटिस सीच्या पेशंटना बरीच वर्षं त्याची इंजेक्शनं देत होते. त्या लोकांच्या अंगात फ्लूचा एक कणही नसायचा, तरी इंजेक्शननंतर काही तासांत थंडी, ताप, अंगदुखी, डोकेदुखी, सगळं हुबेहूब फ्लू. इतकं नेहमीचं होतं ते की पेशंटला सांगायचे, रात्री झोपताना इंजेक्शन घ्या आणि सोबत पॅरासिटामॉल.

दुसरी गोष्ट आपण सगळ्यांनीच २०२१ मध्ये अनुभवली, कोविशिल्ड घेतली आणि रात्री कित्येकांची अंगं ठणकली, थंडी वाजली, दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकावी लागली. त्या लसीत कोविडचा व्हायरस नव्हताच, होती फक्त त्याच्या एका प्रोटीनची माहिती, शरीराने तयारी सुरू केली आणि तयारीतच अंग दुखलं. मैत्रिणीच्या लसीच्या मुद्द्याला हेच लागू आहे, त्याच्याकडे येतेच.

आणि हो, मरगळ. काही खावंसं वाटत नाही, बोलावंसं वाटत नाही, अंधार करून पडून राहावंसं वाटतं. हे सुद्धा शरीर घडवून आणतं. २०२३ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या लोकांनी उंदरांवर काम करून दाखवलं की घशातल्या काही ठरावीक नसा प्रोस्टाग्लँडिन ई२ ओळखतात आणि थेट मेंदूला कळवतात, मग उंदीर खाणं-पिणं आणि हिंडणं कमी करतो. त्या नसांचं काम थांबवलं तर फ्लू झालेले उंदीरही जास्त खात-पीत, हिंडत होते. म्हणजे आजारपणात माणूस लोळत पडतो त्यामागे नसांची अख्खी यंत्रणा आहे, आळस म्हणून ते उडवून लावणं बरोबर नाही. प्राण्यांच्या बाबतीत आपल्याला हे पटतं, बैल आजारी असला की त्याला कोणी औताला जुंपायला किंवा चरायला हाकलायला जात नाही, मग घरातल्या बाईने तापात पोळ्या लाटाव्यात ही अपेक्षा कशी काय राहते हे मला इतकी वर्षं प्रॅक्टिस करूनही पटलेलं नाही. तुम्ही चौथ्या दिवशी गोळी घेऊन कामावर गेलात त्याचं मला वाईट वाटलं, एक तुमच्यासाठी आणि दुसरं म्हणजे तेव्हा तुम्ही काउंटरवर बसून लोकांना फ्लू देत होतात. लक्षणं सुरू व्हायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस माणूस फ्लू पसरवू शकतो. गोळी न घेता २४ तास ताप आला नाही तरच बाहेर पडा, त्याआधी नाही, आणि मॅनेजरला हा कॉलम दाखवला तरी माझी हरकत नाही.

पॅरासिटामॉल घेतलं की दोन तासांत अंग हलकं का होतं तेही आता लक्षात येईल, ते प्रोस्टाग्लँडिन तयार होणं कमी करतं, मुख्यतः मेंदू आणि मज्जासंस्थेत. आयब्युप्रोफेन सगळ्या शरीरात कमी करतं. ॲस्पिरिन लोक कित्येक दशकं घेत होते पण ते कसं काम करतं हे १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं, की ते प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही, आणि त्याच्यासाठी १९८२ चं नोबेल मिळालं. पण गोळीने व्हायरस मरत नाही, दुखणं दबतं आणि तेवढ्यात माणसाला वाटतं आपण बरे झालो. गोळी घेऊन झोपा, पाणी प्या, यासाठी ती आहे. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसातून चारपेक्षा जास्त नाही, आणि लिव्हरचा त्रास असेल, रोज दारू होत असेल किंवा वजन फार कमी असेल तर आधी डॉक्टरला विचारून. इथे एक फसगत फार होते, मेडिकलमधून सर्दीची म्हणून जी गोळी आणतो तिच्यातही बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच, वर आपण वेगळी तापाची घेतो आणि डोस दुप्पट होतो. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा, चष्मा लावून वाचा.

आपल्या भागात पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी म्हटलं की डेंग्यू आहे की नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यातलं काही घेऊ नका, फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात आणि या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. अंगदुखीवर कमरेत टोचून घ्यायचं इंजेक्शन तर मुळीच नको, टोचलेल्या जागी स्नायूत रक्त साठू शकतं. मला माहितीये की लोकांना इंजेक्शन आणि सलाईनशिवाय औषध घेतल्यासारखं वाटत नाही, काही ठिकाणी देतातही मागितलं की, पण तोंडाने पाणी, पेज, ताक, नारळपाणी जात असेल तर सलाईनने काहीही जास्तीचं मिळत नाही. अँटिबायोटिकचंही तेच, ती बॅक्टेरियावर चालतात, फ्लूवर शून्य उपयोग. फ्लूवर खरं औषध आहे ते ओसेल्टामिवीर, पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सगळ्यात चांगलं, आणि ते डॉक्टरने ठरवायचं. गरोदर बाई, ६५ च्या पुढचे आईवडील, दमा, डायबेटिस, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेला माणूस घरात फ्लूने पडला तर वाट बघत बसू नका, पहिल्याच दिवशी दाखवा.

आता तुमच्या लेकाकडे येऊ. त्याची गोष्ट तुमच्यापेक्षा वेगळी आहे. तुमचे स्नायू दुखत होते पण ते धड होते, त्याचे पोटरीचे स्नायू खरोखर सुजले होते. ताप उतरल्यावर, मूल खेळायला लागल्यावर, सकाळी अचानक दोन्ही पोटऱ्या धरतात, मूल टाच टेकवत नाही कारण टाच टेकवली की पोटरी ताणली जाते आणि ती ताणली की कळ येते, म्हणून चवड्यांवर किंवा पाय ताठ ठेवून चालतं, नाहीतर चालतच नाही. शाळेत जायच्या वयाची मुलं, मुलींपेक्षा मुलगे जास्त, आणि इन्फ्लुएंझा बी नंतर जास्त. तुमच्या पत्रातलं एकेक वाक्य याच्याशी जुळतं. याला फ्लूनंतरचा मायोसायटिस म्हणतात, स्वीडनमधल्या लुंडबर्ग नावाच्या डॉक्टरांनी याचं वर्णन १९५७ मध्येच करून ठेवलंय, बालरोगतज्ज्ञांना तो अनोळखी नाही, आणि तुमच्या डॉक्टरांनी घाबरू नका म्हटलं ते पूर्ण समजून म्हटलं. साधारण तीन दिवस ते आठवडा, आणि मूल आपोआप पहिल्यासारखं होतं.

सीपीके म्हणजे स्नायूंच्या पेशीच्या आत असणारं एक एन्झाइम. पेशीच्या भिंतीला इजा झाली की ते गळून रक्तात येतं. एरवी ते दीड-दोनशेच्या आसपास असतं म्हणून ३,४०० बघून कोणाच्याही पोटात गोळा येईल, पण मॅरेथॉन पळून आलेल्या धडधाकट माणसाचं सीपीके सुद्धा हजारांत जातं आणि तो पुढच्या आठवड्यात परत पळत असतो. स्नायूंमध्ये दुरुस्ती करणाऱ्या राखीव पेशी असतात, त्या झालेलं नुकसान भरून काढतात, मुलांमध्ये तर फारच छान. कायमचं काही नुकसान झालेलं नाही. दोन-तीन आठवड्यांनी एकदा सीपीके परत करून घ्या, नॉर्मल आलं की विषय संपला. नॉर्मल आलं नाही, किंवा प्रत्येक तापानंतर, जास्त खेळल्यानंतर असंच व्हायला लागलं, तर मात्र स्नायूंचा काही जन्मजात आजार आहे का हे बघावं लागतं.

या आजारात एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून बघायची, लघवीचा रंग. स्नायू फार जास्त तुटले तर मायोग्लोबिन नावाचं प्रोटीन लघवीत उतरतं आणि लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी काळपट होते, आणि ते किडनीला घातक आहे. क्वचित होतं पण झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. म्हणून तेवढे दिवस मुलाला पाणी भरपूर पाजायचं आणि फ्लश करायच्या आधी एकदा बघायचं. मोठ्यांनाही हे लागू, विशेषतः कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनच्या गोळ्या चालू असतील तर, त्या गोळ्यांनी मुळातच काहींचे स्नायू दुखतात.

जीबीएसची तुमची भीती मला कळते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी भागात ती साथ झाली तेव्हा माझ्याकडेही पाय दुखतात म्हणणारा प्रत्येक जण तेच विचारायचा. फरक असा, की मायोसायटिसमध्ये पोटरी दाबली की मूल किंचाळतं, पण झोपवून पाय ढकलायला सांगितला तर जोर असतो आणि गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो. जीबीएसमध्ये नसांवर हल्ला असतो, पायांतून ताकदच जाते, मुंग्या येतात, कमजोरी पायांकडून वर चढत जाते, हातोडी मारली तर पाय उडत नाही. त्यातही दुखू शकतं, म्हणून घरच्या घरी ठरवायचं नाही, चालता न येणारं मूल त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं, जे तुम्ही केलंत.

सासूबाईंना रगडून चोळू दिलं नाहीत ते योग्यच केलंत. त्यांची माया मला दिसते, आजी नातवाच्या पायाला तेल लावायला धावणारच, पण सुजलेला, पेशी तुटलेला स्नायू रगडला तर तो आणखी तुटेल. त्यांना सांगा, कोमट तेलाचा हात हलकेच फिरवा, गरम पाण्यात पिळलेलं फडकं ठेवा, पाय उशीवर घेऊन गोष्ट सांगा, तेवढं चालतं आणि त्याला बरंही वाटतं. साध्या फ्लूच्या अंगदुखीत मात्र मोठ्या माणसाचे पाय हलके चेपले, शेक दिला तर काहीच वाईट नाही. मुलाला औषध म्हणून पॅरासिटामॉलच, वजनाप्रमाणे, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, आणि सिरपची बाटली नीट बघा, ५ मिलीमध्ये १२० असलेलीही मिळते आणि २४० किंवा २५० असलेलीही, शेजारणीने एक झाकण सांगितलं म्हणून आपण एक झाकण द्यायचं नाही. ॲस्पिरिन मुलांना फ्लूमध्ये कधीच नाही, रेज सिंड्रोम नावाचा मेंदू आणि लिव्हरचा भयंकर आजार होऊ शकतो. खेळाचं विचाराल तर दुखणं पूर्ण थांबून निदान आठवडा जाऊ द्या, मग आधी चालणं, सायकल, आणि मग फुटबॉल वगैरे. तापात किंवा लगेच नंतर जोरदार व्यायाम मोठ्यांनीही करायचा नाही, क्वचित फ्लूमध्ये हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि तेव्हा धावणं जिवावर बेतू शकतं.

हा कॉलम वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन-तीन गोष्टी, कारण ताप आणि अंगदुखी म्हणजे फ्लूच असं आपल्याकडे धरून चालता येत नाही. चिकुनगुन्याचा व्हायरस खरोखरच स्नायू आणि सांध्यांच्या पेशींत शिरतो, म्हणून तिथे मनगटं, घोटे, बोटं सुजतात आणि ताप गेल्यावरही कित्येकांना महिनोन्‌महिने मूठ वळत नाही. महाराष्ट्राला तो नवा नाही, १९७३ मध्ये बार्शीला मोठी साथ झाली होती, मग बरीच वर्षं गायब झाला आणि २००५-०६ मध्ये परत आला तो राहिलाच. डेंग्यूत डोळ्यांच्या मागे आणि हाडं फुटल्यासारखं दुखतं, आणि तिथे धोका ताप उतरताना असतो, ताप गेला म्हणून आनंद झाला आणि त्याच दिवशी पोट दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार पडणं सुरू झालं तर धावत हॉस्पिटल गाठायचं.

आणि लेप्टो. हा व्हायरस नाही, बॅक्टेरिया आहे, उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून, भेगांतून शरीरात शिरतो. पुराच्या, तुंबलेल्या पाण्यातून चालून गेल्यावर किंवा भातलावणीनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत जोराचा ताप, पोटऱ्यांना हात लावू देत नाही इतकं दुखणं आणि डोळे लाल, असं झालं तर लेप्टो डोक्यात आलाच पाहिजे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत याने किती माणसं नेली ते आम्ही विसरू शकत नाही. इथे अँटिबायोटिक वेळेवर मिळालं तर माणूस वाचतो, आणि फ्लू आहे म्हणून घरी पॅरासिटामॉल घेत बसला तर किडनी आणि लिव्हर जातात. म्हणून डॉक्टरकडे गेलात की पाण्यातून चाललो होतो हे आपणहून सांगा, गर्दीत विचारायचं राहून जातं.

तुमच्या अशक्तपणाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत पण अजून जाणवत असणार. त्या आठवड्यात खाणं कमी आणि ती सगळी केमिकल्स जास्त, त्यामुळे शरीर स्वतःच्याच स्नायूंमधलं प्रोटीन मोडून लढाईला वापरतं, आणि ताप एक अंश वाढला की शरीराचा एकूण खर्च दहा-बारा टक्क्यांनी वाढतो. म्हणून दोन आठवडे जिना चढताना पाय लटपटतात. आजारपणात मऊ भात, मेतकूट, मुगाची खिचडी जे जाईल ते, आणि भूक परत आली की वरण, उसळ, दही, पनीर, अंडी, मासे, जे तुमच्या घरात चालतं ते रोज आणि नेहमीपेक्षा थोडं जास्त. सासूबाईंना कधी फ्लू झाला तर हे आणखी महत्त्वाचं, त्या वयात आठवडाभर पडून राहिलं की गेलेला स्नायू सहजासहजी भरून येत नाही.

शेवटचा प्रश्न लसीचा. पोटऱ्यांचं हे दुखणं दरवर्षी व्हायचं कारण नाही, बहुतेक मुलांना ते एकदाच होतं, पण फ्लू मात्र पुन्हा होऊ शकतो कारण व्हायरस सारखा बदलत असतो, म्हणून लसही दरवर्षी बदलतात आणि दरवर्षी घ्यावी लागते. जी इंजेक्शनची लस आपल्याकडे जास्त वापरतात तिच्यात जिवंत व्हायरस नसतो, तिने फ्लू होऊ शकत नाही. तुमच्या मैत्रिणीचं अंग दुखलं ते त्याच इंटरफेरॉन आणि प्रोस्टाग्लँडिनमुळे, एक-दोन दिवसांचं, एक पॅरासिटामॉल घेऊन झोपायचं. लसीने फ्लू अजिबात होणार नाही असं नाही, पण झाला तर सहसा सौम्य होतो. घरात सगळ्यांनीच घ्या, सासूबाईंनी आधी घ्यावी. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात वगैरे घेतली तर बरं, कारण परिणाम यायला दोन आठवडे लागतात. तुमचा लेक ८ वर्षांचा आहे आणि पहिल्यांदाच घेणार असेल तर त्याला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतील, पुढच्या वर्षीपासून एकच, हे डॉक्टरांना आठवणीने विचारा.